तुझ्या जबड्यातली दुसरी वाट

परवा नदीवर तुझी राख सावडायला सगळ्यांच्या आधी मी पोचलो, मंसाराम. तुझे भाऊबंद मागून आले आणि मला पाहून गहिवरले. एक जण म्हणालासुद्धा, "कंपाउंडरसाठी कोन्ता डाक्टर येते एवढ्या सकाळी? सायेबाचा लय जीव होता बाबा." मी मान खाली घातली. त्यांनी त्याला दुःख समजायचं तर समजावं. तुला मात्र खोटं सांगायचं नाही, निदान आता तरी नाही. मी रडायला आलो नव्हतो. मी तपासायला आलो होतो.

माझा स्वभाव तुला नवा नाही. पितळेच्या दुकानात वाढलेला माणूस मी. आमचे बाबा पाण्याचा पितळी गुंड विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे आणि घरी पाहुणा आला तर त्याच्याशीही साधारण तसेच वागायचे. मी दातांचा डॉक्टर झालो, भंडाऱ्यात दवाखाना टाकला, पण ते वाजवून पाहणं काही गेलं नाही. तू कामाला आलास तेव्हा पहिला महिनाभर मी कापसाचे बोळे मोजून ठेवत होतो. तुझ्या ते लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून तूच संध्याकाळी सांगू लागलास, "सायेब, आज एवढे लागले, एवढे उरले." दुसरा कुणी असता तर त्याला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, हा फार हुशार दिसतो, याच्यावर नजर ठेवली पाहिजे.

तशी तू सोळा वर्षं काढलीस माझ्या नजरेखाली. तुझं गाव साकोलीकडचं, घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. जाळ्याच्या गाठी सोडवणारी ती बोटं. उकळलेली काचेची सिरिंज तू चिमट्याने उचलायचास आणि कधी तिचा टवका उडाला नाही. घाबरलेल्या माणसाच्या कपाळावर तू तळहात ठेवलास की त्याचे खांदे खाली यायचे. ते मला कधी जमलं नाही. मला जमायचं ते सुई टोचणं आणि दाढ काढणं, आणि आपल्या आडगावी तेवढ्यावर नाव होतं. त्या नावात अर्धा वाटा तुझ्या तळहाताचा होता, हे मी तुला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू डोक्यावर बसशील, असं मला वाटायचं.

आपलं बिघडलं ते एकोडीच्या त्या बाईपासून. शेतातली धानाची रोवणी अर्धी टाकून आली होती, पायांना चिखल तसाच, गाल सुजलेला. तिच्या आधी खुर्चीत एक मास्तर बसले होते. त्यांची खालची दाढ मी काढली आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. त्याच बाटलीतून बाईला टोचलं. खालच्या जबड्याच्या हाडात मागून एक नळी शिरते आणि दाढांच्या मुळांखालून हनुवटीकडे येते, तिच्यात नस असते. ती आत शिरते त्या जागी औषध सोडलं की ओठ जड होतो आणि दाढा मुक्या होतात. दहा मिनिटं थांबून मी चिमटा लावला आणि बाईने अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या बाकावरचे दोघे उठून चालू लागले. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "काईच नाही झालं जी. तुमी पानी टोचलं का?"

तिने पाणी म्हटलं आणि माझ्या डोक्यात तुझं नाव आलं. तू त्या वेळी काय करत होतास? बाहेर जाऊन बाकावरच्या लोकांना समजावत होतास. "बाईची दाढ वाकडी हाये, मूळ आतून वळलं हाये. सायेबाचा हात चुकत नाही." माझं नाव राखायला तू सरळ खोटं बोललास. आणि मी आत उभा राहून विचार करत होतो, याला इतक्या सफाईने खोटं बोलता येतं तर.

मग ते अधूनमधून होतच राहिलं. दोनचार महिने सगळं सुरळीत, आणि मग एखादा माणूस असा यायचा की त्याला काही केल्या बधिर व्हायचं नाही. मी बाटलीवर चिकटपट्टी लावून रोज संध्याकाळी औषधाच्या पातळीवर शाईची रेघ ओढू लागलो. सकाळी पातळी कधी रेघेखाली दिसली नाही. तेव्हा म्हटलं, जेवढं काढतो तेवढं पाणी घालतो, पातळी कशी हलेल? एकदा असाच फसलेला रोगी गेल्यावर मी त्याच बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला. कडू जहर. आणि जीभ इतकी सुन्न झाली की पुढच्या माणसाशी मला धड बोलता येईना. तू हसू दाबत होतास. दुसऱ्याला एवढ्याने खात्री पटली असती. मी घरी जाईपर्यंत ठरवून टाकलं की मी हात धुवायला गेलो तेवढ्यात तू बाटली बदललीस.

चोरी म्हटली की चोरीला गिऱ्हाईक लागतं. तेही मी शोधलं. तुझ्या बायकोचा, पार्बताचा भाऊ चैतू, तुझा मेहुणा. आठवडी बाजारात सतरंजी टाकून बसायचा. पुढ्यात एक चिमटा, दंतमंजनाच्या पुड्या आणि लोकांच्या उपटलेल्या दातांचा ढीग. माझे रोगी मला तोंडावर सांगायचे, "चैतूपाशी कोनीच ओरडत नाही जी." का ओरडत नाही? बधिर केल्याशिवाय दात उपटला तर माणूस ओरडणारच. म्हणजे चैतूकडे औषध आहे. आणि औषध भंडाऱ्यात माझ्या कपाटाशिवाय कुठे आहे? दोन आणि दोन चार झाले. त्या आठवड्यात मी तुझ्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. कारण सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. कमरेच्या करगोट्यातून सोडवायला तुला वेळ लागला, तेवढा वेळ मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात गेली आणि पुढची सगळी वर्षं तिथेच राहिली. तू दर वेळी येऊन म्हणायचास, "सायेब, कपाट." एवढंच. त्या दोन शब्दांत तू कधी राग मिसळला नाहीस. मला त्याचाही संशय यायचा. खरा माणूस असता तर भांडला असता, तोंडावर किल्ली मारून निघून गेला असता. तुला नागपूरला दुसरी नोकरी मिळत होती, हेही मला माहीत होतं. काहून राहिलास रे? हा माझा जुनाच प्रश्न.

एकदाच आपण त्या विषयावर समोरासमोर बोललो. किल्ली घेऊन वर्ष झालं असेल. पुन्हा एक रोगी कळवळून गेला होता आणि मी चिमटा ट्रेमध्ये आपटला. तू तो उचलून धुवायला लागलास आणि पाठमोराच बोललास.

"सायेब, दवाईत खोट नाही. त्याच बाटलीनं आंधीच्या मानसाले झालं ना? मंग ह्याच्याच हाडात काईतरी येगळं असन."

"हाड सगळ्यांचं सारखंच असतं," मी म्हटलं.

"कायचं सारखं? आमच्या तलावाचं पाहा. पाळीतलं तुडूमाचं दार बंद केलं का पाटाचं पानी थांबते. पन एखाद्या तलावाले जुना पाट असते, कोनाले ठावा नसलेला. तुमी तुडूम बंद करून बसा, पानी तिकडून धानाच्या बांदीत जाऊनच राहते. तसं नसेले दुसरी वाट असन तं? थोडं वरतं टोचून पाहा ना."

मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. "तू मला आता शरीरशास्त्र शिकव." तू हात पुसलेस आणि म्हणालास, "शिकवत नाही जी. पन जित्त्या मानसाच्या हाडात कोनाले दिसते? मेल्यावरच दिसन."

आता ऐक. तुडूम आणि पाटाचं तू बोललास तेव्हा मला आतून काहीतरी टोचलं होतं. नागपूरला शिकत असताना आमच्या शिकवणाऱ्या सरांनी एक वाळका जबडा सगळ्यांच्या हातातून फिरवला होता. त्यात दोन नळ्या होत्या. सर म्हणाले होते, असंही असतं कुणाकुणात, ध्यानात असू द्या. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत आलं नाही, म्हणून विसरलो. तू बोललास तेव्हा ती वही काढून पाहता आली असती. एखाद्या रोग्याला नागपूरला एक्स-रेसाठी पाठवता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. जी गोष्ट मला शिकून माहीत असायला हवी होती ती मासोळी धरणाऱ्या घरातल्या माणसाने धुणं-पुसणं करता करता सांगावी, हे माझ्या घशाखाली उतरलं नाही.

पुढे मी गुपचूप तुझं ऐकलं. कुणाला बधिर झालं नाही की थोडी वरची जागा धरून दुसरी सुई टोचू लागलो. लागू पडायचं. तू बाजूला उभा राहून पाहत होतास, तुला कळत होतं, आणि तू एका शब्दाने म्हटलं नाहीस की पाहा सायेब, मी सांगतलं होतं. मग तरी किल्ली परत द्यावी की नाही? पण शंकेचं पोट मोठं असतं. मी म्हटलं, औषध पातळ केलेलं आहे, म्हणून एका सुईने भागत नाही, दोन लागतात. झालं समाधान.

तुझी कावीळ आठ दिवसांत तुला घेऊन गेली. सातव्या दिवशी मी आलो होतो. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस आणि मग तुझी नजर माझ्या खिशावर आली. की मलाच तसं वाटलं? किल्ली तिथेच होती. काढून तुझ्या उशाशी ठेवायला किती वेळ लागला असता? पार्बता पाणी घेऊन आली, मी उठलो, आणि दुसऱ्या दिवशी तू गेल्याचा निरोप आला.

तुला जाळून घरी आलो तेव्हा तुझं ते वाक्य डोक्यात बसलं. मेल्यावरच दिसन. म्हणून परवा सकाळी सगळ्यांच्या आधी मी नदीवर होतो.

तुझे भाऊ राखेवर पाणी शिंपडत होते आणि हाडं वेचून मडक्यात टाकत होते. मीही वाकलो. खालच्या जबड्याचा तुकडा मला हजार हाडांत ओळखू येतो. डावी बाजू होती, हनुवटीपासून दाढेच्या जागेपर्यंत, मागे मोडलेली. हनुवटीच्या बाजूला नस बाहेर येण्याचं जे एक छिद्र असतं, तिथे दोन होती. एक नेहमीचं, एक त्याच्या थोडं मागे. मी तुकडा फिरवून मोडलेली कड पाहिली. तिथेही दोन, एकाखाली एक. खालचं लाखोळीच्या दाण्याएवढं, वरचं मोहरीएवढं.

तुला वाटेल, आता तरी याला पटलं असेल. नाही. मी म्हटलं, आचेने हाड तडकतं, वरचं भोक आगीने पडलं असेल. मी वाळूतली गवताची काडी उचलली आणि त्या मोहरीएवढ्या भोकात घातली. सरळ आत गेली. कडा गुळगुळीत. आगीने पडलेलं भोक असं नसतं. ती नळी होती, तू जन्माला येताना घेऊन आलेला तुझ्या तलावाचा जुना पाट.

तुझा थोरला भाऊ माझ्याकडे टक लावून पाहत होता. "सायेब, काय करून राहिले? हाडात काडी कायले घालता?" सगळे थांबले. कुणीतरी मागे कुजबुजलं. माझा एक हात खिशाकडे चालला होता, खरंच. तो तुकडा न्यावा, सरांना दाखवावा, असं मनात आलं होतं. तुझ्या भावाच्या डोळ्यांत मी माझीच नजर पाहिली, जी मी सोळा वर्षं तुझ्यावर ठेवली होती. "काही नाही," म्हटलं आणि तुकडा मडक्यात ठेवला. विश्वास त्याचा बसला नाही. मडकं नदीत सोडेपर्यंत तो माझ्या हातांकडे पाहत होता.

वाळूतून परत येताना चैतू माझ्या बाजूला होता. मला राहवलं नाही. विचारलं, बाजारात दात काढायचास तेव्हा बधिर करायला औषध कुठून आणायचास?

"कोन्तं औषध?" तो थांबलाच. "सायेब, मले सुई पाहूनच चक्कर येते."

"मग तुझ्याकडे कुणी ओरडत का नव्हतं?"

"ओरडत होते ना जी! बोंबलत होते. माहा भाऊ मांगं डफ वाजवे. दात उपटाच्या टायमाले आनखी जोरात. मंग कोन ओरडलं ते आयकू कोनाले येते?"

दवाखान्यापासून बाजार पायी दहा मिनिटांवर. एवढ्या वर्षांत मी एकदाही तिथे उभा राहून पाहिलं नव्हतं. आणि तुला सांगतो, डफाचं ऐकूनसुद्धा माझ्या मनात पहिली गोष्ट हीच आली की हा तरी खरं बोलतो कशावरून. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

आता ते सांगतो, जे मी इतका वेळ टाळत आलो. त्या तुकड्यावर एका दाढेची जागा सपाट भरून आलेली होती. ती दाढ मीच काढली होती.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तुझी दाढ सडली. तू खुर्चीत बसलास आणि मी मनात म्हटलं, आज कळेल. नवी बाटली घेतली, तुझ्यासमोर तिचं सील मी स्वतः फोडलं, सिरिंज स्वतः भरली. दहा मिनिटांनी विचारलं, झालं? तू म्हणालास, "ओठ गेला सायेब, पन दाढ जित्ती हाये." बाटली नवी, हात माझा, पाण्याचा प्रश्न नाही. म्हणजे तू नाटक करतोयस. तुझ्या तलावाची गोष्ट खरी करून दाखवण्यासाठी तू दुखण्याचं सोंग आणतोयस, असं मी ठरवलं. तुझं म्हणणं होतं, वरतं टोचा. दुसऱ्यांना मी टोचत होतो. तुला नाही टोचलं. "नाटक पुरे," म्हटलं आणि चिमटा लावला.

दाढेची मुळं फाकलेली होती. वेळ लागला. तू हात आडवा घातला नाहीस. खुर्चीची दांडी धरलीस, आणि ओरडलास ते दोनदाच. नंतर नुसता घशातून आवाज येत राहिला. दाढ निघाल्यावर मी बोळा दाबला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. तू उठलास, तोंडात बोळा तसाच, आणि चिमटा घेऊन धुवायला गेलास. त्या दिवशीही संध्याकाळी तू बोळे मोजून सांगितलेस, खाणाखुणांनी.

नदीवरून आंघोळ करून मी तुझ्या घरी गेलो. पार्बता दारात बसली होती. दोन दिवसांत तिचा चेहरा लहान झालाय. मी किल्ली आणली होती, पण ती आता कुणाला द्यायची? मी तिला विचारलं, "मंसारामने माझ्याबद्दल कधी काही सांगितलं का?" मला वाटलं, आता येईल सगळं बाहेर. मी त्याचीच वाट पाहत होतो. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

ती म्हणाली, "का सांगतीन जी? तुमचं नाव कोनी वाईट काढलं का भांडाले उठत. एकडावच मी बोलली होती. दाढ काढून आले, तं तीन दिवस पेजच पेले. मी म्हनलं, कसा डाक्टर हाये हा, मानूस बोंबलून राहिला तरी ओढते? तं माह्यावर चिडले. म्हनत, सायेबाले वाटलं सुन्न झालं. त्याईले समजलं असतं का मले दुखून राहिलं, तं त्याईनं ओढलीच नसती."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "खरंच हाये ना जी?"

मी म्हटलं, "हो."

दुखण्याचं नाटक मी रोज पाहतो, मंसाराम. माणूस ओरडण्याचं सोंग आणू शकतो, तोंड वाकडं करू शकतो. तुझ्या कपाळावर घाम फुटला होता आणि तो कानामागून गळ्यावर उतरत होता. गुडघे थरथरत होते, तू दाबून धरत होतास तरी. घामाचं सोंग आणता येत नाही. पहिल्या ओढीतच मी तो पाहिला, आणि चिमटा सोडला नाही.

मला समजलं होतं.